तुलनेचा तक्ता

आमच्या भागात पालिकेच्या तीन शाळा आहेत आणि तिन्हींमध्ये सहावी ते आठवीचे वर्ग भरतात, एवढ्या माहितीवर माणसाने थांबावे आणि मुलीसाठी घराजवळची शाळा गाठावी, असे माझे मत होते. खासगी शाळेची फी वाचवायची असेल तर निदान डोळे उघडे ठेवून निवड करावी, असे सौभाग्यवतींचे मत पडले. आणि आमच्या घरात मतभेद झाला की त्यातून निघणारे काम माझ्या वाट्याला येते.

मी सुरुवात कायद्यापासून केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षाकाठी कामाचे २२० दिवस आणि अध्यापनाचे १००० तास, शिवाय पट शंभराच्या वर असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक, असे सारे नीट लिहिलेले आहे. ते मी तक्त्याच्या डाव्या रकान्यात उतरवले आणि उजवीकडचे रकाने भरण्यासाठी बाहेर पडलो.

पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापिका प्रभारी होत्या, सातवीला गणितही शिकवत होत्या आणि मी गेलो तेव्हा तांदूळ मोजून घेत होत्या. सहावीपासून मुलामागे १५० ग्रॅम, पाचवीपर्यंत १००, हा हिशेब त्यांनी मला न विचारता समजावला. टेबलावर पोषण आहाराची चव नोंदवही उघडी होती. तीत रोज एकाच वळणदार अक्षरात ‘चव उत्तम’ असा शेरा होता आणि अजून न उजाडलेल्या दिवसाच्या खिचडीचीही चव उत्तम निघाली होती.

दुसऱ्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याचे कपाट खरोखरच भरलेले होते, फक्त त्याची किल्ली सरांच्या खिशात होती आणि सर मतदारयादी घेऊन गल्लीबोळांत फिरत होते. कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही, हे मी शिपाईमामांना सांगितले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

तिसऱ्या शाळेत मुलगी सोबत आली. ग्रंथालय आहे का, मैदान आहे का, या माझ्या प्रश्नांना ‘आहे’ अशी उत्तरे मिळत असताना ती स्वच्छतागृहाकडे गेली, आतून कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला आणि परत येऊन म्हणाली, “बाबा, हीच.” आधीच्या दोन्ही शाळांत तिने हे आधीच जाऊन पाहिले होते म्हणे. माझ्या तक्त्यात कडीला रकानाच नव्हता.

मुख्याध्यापकांनी मात्र तो तक्ता हातात घेऊन मन लावून वाचला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, हे कलम माझ्या नजरेतून सुटले होते, त्यांच्या नव्हते. त्यांनी पालकसभेत माझे नाव सुचवले, ते बिनविरोध मंजूर झाले आणि आता यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत माहिती भरायची वेळ आली की मला शाळेतून फोन येतो.