‘पोथी’ नेमकी कोणाला लागते? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ यांस,

स. न. वि. वि.

कोड लिहिणाऱ्या एआय सहायकासाठी सूचना-फाइल कशी तयार करावी, या माझ्या लेखाखाली आपण नोंदवलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन मला मोकळे होता आले असते. तसे करायचे मी ठरवलेही होते. पण तिच्यातील एक वाक्य तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. मॉडेल, म्हणजे सहायकामागची एआय प्रणाली, या फाइलमधल्या सूचना पाळीलच याची हमी नसते. चारशे ओळींची फाइल प्रत्येक सत्रात कॉन्टेक्स्टची, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकते त्यातली, जागा अडवते. जे काम लिंटर, म्हणजे कोडची शिस्त आपोआप तपासणारे साधन, करतो ते गद्यात सांगणे व्यर्थ आहे. फाइल असताना आणि नसताना पडणारा फरक मी मोजलेला नाही. कर्सर या एआय-सहायक असलेल्या कोड-संपादकाविषयीची माझी माहिती जुनी आहे. आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, ‘ज्यांना स्वतःचा कोड स्वच्छ लिहिता येत नाही, त्यांनाच असल्या पोथ्या पुजाव्या लागतात.’

प्रथम, जे मान्य करायला हवे ते मान्य करतो. कर्सरमध्ये प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट कर्सररूल्स’ नावाची एकच फाइल ठेवावी, असे मी लिहिले होते. ती पद्धत मागे पडली असून आता ‘डॉट कर्सर’ फोल्डरच्या आत ‘रूल्स’ या फोल्डरमध्ये वेगवेगळ्या नियम-फाइली ठेवतात, आणि कोणता नियम कायम लागू व्हावा, कोणता ठरावीक फाइलींनाच लागू व्हावा, हे प्रत्येकीच्या माथ्यावर नोंदवता येते. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. तथापि, ही चूक दाखवताना ‘लेखकाने निदान दस्तऐवज तरी उघडून पाहावेत’ असे म्हणण्याची गरज होती का, याचा विचार आपण सवडीने करावा.

आता त्या वाक्याकडे येतो.

आपल्या वाक्यामागचे गृहीतक असे दिसते की, कोड स्वच्छ असला म्हणजे तो आपले सर्व काही स्वतःच सांगतो. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो पुस्तकी नाही. २००४ साली मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कंपनीत लागलो, तेव्हा अडत्यांच्या हिशेबाचे जे सॉफ्टवेअर माझ्या हाती आले ते लिहिणारे गृहस्थ महिन्याभरापूर्वीच नोकरी सोडून गेले होते. त्यांचा कोड देखणा होता. नावे नेमकी, फंक्शने आखूड, कुठे पुनरुक्ती नाही. त्यात अमावास्येचा दिवस वगळणारी एक ओळ होती. ती मला अंधश्रद्धेचा प्रकार वाटली आणि मी ती काढून टाकली. पुढच्या महिन्यात एका व्यापाऱ्याच्या खात्यात व्याजाचे दिवस चुकले. त्या पेढीवर अमावास्येला हमालांची सुटी असते, तोलाई होत नाही, आणि म्हणून तो दिवस मुदतीत धरायचा नाही असा तिथला जुना ठराव होता. ही हकिकत गेलेल्या गृहस्थांच्या एका शंभर पानी वहीत लिहिलेली होती, आणि ती वही कपाटात होती. मी ती उघडली नव्हती. आपण ज्याला पोथी म्हणता, ती माझ्या लेखी ही वही आहे. कोड काय करतो हे कोडमध्ये दिसते. तो तसेच का करतो, हे बहुधा दिसत नाही.

एआय सहायकाच्या बाबतीत ही अडचण दुपटीने वाढते, कारण तो रोज सकाळी नव्याने नोकरीला लागलेला असतो. काल तासभर बसून समजावलेली गोष्ट नव्या सत्रात त्याच्यापाशी सहसा नसते. सत्र सुरू होताना जो मजकूर त्याच्यासमोर मांडून ठेवला जातो, तेवढेच त्याचे या प्रकल्पाविषयीचे पूर्वज्ञान. क्लॉड कोड हा सहायक ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची फाइल वाचतो, गिटहब कोपायलट ‘डॉट गिटहब’ फोल्डरमधली सूचना-फाइल वाचतो, जेमिनीच्या टर्मिनलमधल्या सहायकासाठी ‘जेमिनी डॉट एमडी’ असते, आणि या नावांचा गोंधळ टाळण्यासाठी २०२५ मध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ हा सामाईक संकेत पुढे आला. नावे निराळी असली तरी काम एकच, कपाटातली वही टेबलावर आणून ठेवण्याचे.

स्वच्छ कोडचेच उदाहरण हवे असेल तर तेही देतो. हाथीखान्यातील धान्याच्या एका पेढीसाठी मी जो हिशेब सांभाळतो, त्यात ‘मण’ नावाचा एक स्थिरांक आहे आणि त्याची किंमत २० आहे. नाव स्पष्ट, जागा एकच, शेजारी तो बरोबर आहे का हे तपासणारी टेस्टही. आपल्या स्वच्छतेच्या कसोटीला यात काही कमी आहे का? सहायकाला मी भावपत्रकाच्या छपाईतली एक किरकोळ चूक दुरुस्त करायला सांगितली. त्याने ती केली, आणि जाता जाता मणाची किंमत ३७.३२४२ करून टाकली. कारण त्याने जिथून शिकून घेतले तिथे मण म्हणजे चाळीस शेर, आणि चाळीस शेर म्हणजे सदतीस किलोंच्या वर. त्यामुळे टेस्ट पडली, तेव्हा त्याने टेस्टमधला आकडाही बदलला आणि ‘सर्व टेस्ट यशस्वी’ असे मला नम्रपणे कळवले. गुजरातच्या बाजारात भाव वीस किलोंवर बोलतात आणि त्या वीस किलोंनाच मण म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या वाचकालाही कदाचित ते ठाऊक नसेल. तिकडे मण म्हटले की चाळीस शेर डोळ्यांपुढे येतात. (आपण महाराष्ट्रातले आहात हा माझा तर्क आहे, आपल्या प्रतिक्रियेतला ‘बडोद्यात बसून’ असा शब्दप्रयोग बडोद्यात बसलेला माणूस सहसा करीत नाही.)

त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये अशी ओळ आहे: ‘मण म्हणजे २० किलो. हा गुजरातच्या बाजाराचा संकेत आहे, चूक नव्हे. टेस्ट पडली तर कोड तपासावा. टेस्टमधली अपेक्षित किंमत विचारल्याशिवाय बदलू नये.’ तिच्या खाली, पेढीचे वर्ष दोन प्रकारे मोजले जाते, करासाठी एप्रिलपासून आणि चोपड्यासाठी, म्हणजे पेढीच्या हिशेबवहीसाठी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, अशी दुसरी ओळ आहे. कारण कार्तिकी वर्षाचे मॉड्यूल ‘वापरात नसलेले’ समजून काढून टाकण्याचा प्रस्तावही माझ्यापुढे एकदा आला होता. या ओळी म्हणजे अस्वच्छ कोडवर घातलेले पांघरूण आहे असे ज्याला वाटते, त्याने व्यापाऱ्याचा हिशेब कधी हाती घेतलेला नाही असे मी म्हटले, तर ते तुम्हाला लागेल. पण तुम्ही मला जे म्हटलेत ते याहून सौम्य नव्हते.

आणि ‘पोथी’ या शब्दाचा एवढा तिटकारा का असावा? आमच्या या गावात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कारभारातील शब्दांचा कोश निघाला, ज्यात इंग्रजी संज्ञांना अनेक भाषांतले प्रतिशब्द दिलेले आहेत. राज्याच्या कारकुनांना मराठी किंवा गुजराती येत नव्हती म्हणून तो काढला, असे कोणी म्हणणार नाही. एका संज्ञेचा एकच अर्थ सर्व कचेऱ्यांत धरला जावा, यासाठी असे कोश लागतात. माझ्या फाइलचा निम्मा भाग ‘आवक’, ‘अडत’, ‘वटाव’ आणि ‘कडदा’ या बाजारातल्या शब्दांचाच आहे. सहायकाने वटावाला एका फाइलमध्ये ‘डिस्काउंट’, दुसऱ्यात ‘रिबेट’ आणि तिसऱ्यात ‘कट’ अशी नावे दिल्यावर जो घोळ होतो, तो निस्तरण्यात माझा एक अख्खा रविवार गेलेला आहे.

राहिलेल्या मुद्द्यांबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही. लिंटर आणि फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारे साधन) असताना मोकळ्या जागा किती सोडाव्यात हे फाइलमध्ये लिहू नये, हे माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदातच आहे. तो वाचला असता तर बरे झाले असते. मोजमापाबद्दल म्हणाल तर मी संशोधक नाही, हिशेबनीसांसाठी कोड लिहिणारा माणूस आहे, आणि कोणत्या चुका थांबल्या हे मला रोज दिसते.

मॉडेल सूचना पाळीलच असे नाही, हे मात्र मला आपल्याकडून प्रथमच कळले असे कृपया समजू नये. ही फाइल म्हणजे मॉडेलसमोर ठेवलेला मजकूर असतो, कुलूप नव्हे, आणि हे माझ्याइतके कोणी भोगले नसेल. ‘मायग्रेशनच्या जुन्या फाइलींना हात लावू नये’ (मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या फाइली) ही सूचना माझ्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होती. सहायकाने ती एकदा मोडली. मी ती ठळक केली, वर नेली, ‘अत्यंत महत्त्वाचे’ असे तिच्यापुढे लिहिले. महिन्याभराने त्याने ती पुन्हा मोडली. तेव्हा मी क्लॉड कोडमध्ये एक हूक, म्हणजे ठरावीक क्षणी आपोआप चालणारी छोटी आज्ञा, बसवला, जो त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा प्रयत्न होताच तो अडवतो, आणि त्यानंतर एकदाही तसा प्रकार घडलेला नाही. यावरून सूचना-फाइल निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष आपण काढाल, तर तो उतावीळपणा होईल. जे मोडले तर पेढी बुडेल ते हूककडे आणि परवानग्यांकडे सोपवावे, आणि जे समजावून सांगायचे आहे ते फाइलमध्ये लिहावे, इतकेच त्यातून निघते. मूळ लेखात हे आले नव्हते, कारण तो लेख हूकवर नव्हता.

लांबीचा मुद्दा राहिला. मजकूर वाढला की त्यातल्या प्रत्येक सूचनेचे वजन घटते, हे मला मान्य आहे, आणि यासाठीच मी फाइलचे भाग पाडले: मुळाशी फक्त बिल्डचे (प्रोग्रॅम तयार करण्याचे) आणि टेस्टचे आदेश व शब्दार्थ, व्याजाचे नियम व्याजाच्या फोल्डरमध्ये, छपाईचे छपाईच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सहायक त्या फोल्डरमधल्या फाइली वाचू लागेल तेव्हाच ते त्याच्यासमोर येतात. ‘क्लॉड डॉट एमडी’मध्ये आता एकच ओळ आहे, जी ‘एजंट्स डॉट एमडी’ला आत घेते, त्यामुळे दोन प्रती सांभाळाव्या लागत नाहीत. चारशे ओळींची मूळ फाइल आज एकशे दहा ओळींवर आली आहे. हे काम मी दिवाळीपासून करीत होतो. आपल्या प्रतिक्रियेशी त्याचा काहीही संबंध नाही.

कळावे,
लोभ असावा.
दांडिया बाजार, बडोदे