‘अस्सल लष्करी कॅन ओळखा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘दुसऱ्या महायुद्धातला अस्सल कॅन कसा ओळखाल?’ या मथळ्याचा, जेरीकॅनविषयीचा, म्हणजे पेट्रोल किंवा पाणी नेण्याच्या वीस लिटरच्या लष्करी पत्र्याच्या डब्याविषयीचा मेसेज सध्या जीपवाल्यांच्या, बुलेटवाल्यांच्या आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या भाच्याने तो वाचून जुन्या बाजारातून एक कॅन उचलला आणि लडाखला जाताना त्यात प्यायचं पाणी न्यायचं ठरवलं. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते. मेसेज म्हणतो, ‘पेट्रोलचा कॅन असला तरी गरम पाणी आणि सोड्याने धुवा. वास राहिलाच तर आत पेटता बोळा टाका, उरलंसुरलं जळून जाईल. मग खुशाल पाणी भरा.’

पेटता बोळा! पेट्रोलची वाफ पेट घेते, आणि हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये हवेला जागाच नसते. रिकाम्या दिसणाऱ्या कॅनमध्ये मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणून तोच जास्त धोक्याचा. वीस लिटरचा डबा फुटायला सांध्यात अडकलेलं चमचाभर पेट्रोल पुरेसं आहे. बोळा टाकणाऱ्याचं तोंड त्या वेळी बरोबर झाकणाच्या वर असतं.

समजा स्फोट झाला नाही. तरी शिसं राहतंच. त्या काळच्या पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग मिसळलेलं असे. आपल्याकडेही शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं ते २००० साली, म्हणजे युद्धानंतर इथे कोणी तो कॅन वापरला असेल तर तेव्हाही त्यात तेच गेलं. टेट्राइथाइल लेड पाण्यात विरघळत नाही, आणि पुढे त्याची बनणारी शिशाची संयुगं गंजात आणि दुमडलेल्या सांध्यात बसून राहतात. सोड्याने वास कमी होईल, शिसं निघाल्याची खात्री कशी करणार? शरीराला निर्धोक म्हणावी अशी शिशाची कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते. मुलांना तर जास्तच अपाय होतो. यापुढे वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

आता मेसेजने सांगितलेल्या ओळखीच्या खुणा. ‘तळाशी २०-५-४३ असेल तर कॅन २० मे १९४३ ला बनला.’ मग २०-५-४२ आणि २०-५-४४ असे कॅन सापडतात त्यांचं काय? अमेरिकेतले सगळे कारखाने दरवर्षी फक्त वीस मे रोजी चालत होते का? शेजारीच ‘आयसीसी-५एल’ असं ठोकलेलं असतं, ते वाचायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. आयसीसी म्हणजे तिथला तेव्हाचा आंतरराज्य वाणिज्य आयोग. ज्वालाग्राही माल वाहून नेणाऱ्या डब्यांवर काय छापायचं ते त्याच्या नियमांत ठरलेलं होतं : आधी पत्र्याचा गेज (म्हणजे जाडीचा क्रमांक), मग गॅलनमध्ये क्षमता, मग वर्ष. वीस गेजचा पत्रा, पाच गॅलन, १९४३. महिन्याचा संबंधच नाही.

‘डब्ल्यू म्हणजे वेअरमाख्ट, कॅन जर्मन.’ वेअरमाख्ट म्हणजे तेव्हाचं जर्मन सैन्य. पण हे चूक. अमेरिकन कॅनवरचा उठावाचा डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाणी, आणि त्याचं झाकण रुंद असतं. ‘जी’ म्हणजे गॅसोलिन, आपलं पेट्रोल, त्याला फिरकीचं छोटं झाकण. जर्मन कॅनवर वेअरमाख्ट हा शब्द अख्खा असतो, सोबत साल आणि कारखान्याचं नाव.

‘पांढरा क्रॉस म्हणजे दवाखान्याचा कॅन’ हेही खोटं, जर्मन सैन्यात तो पाण्याचा कॅन ओळखण्यासाठी रंगवत. आणि ‘बाण जिकडे असेल तिकडून ओता’? तो बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का आहे.

दोन गोष्टी मान्य कराव्या लागतील. रंगापेक्षा ठोकलेल्या खुणेवर विश्वास ठेवा, हे मेसेजमधलं वाक्य बरोबर आहे, रंग कोणीही नवा मारतो. मूळ रचना जर्मन, १९३७ची, हेही खरं. पण ‘अमेरिकेला हा कॅन आफ्रिकेच्या लढाईतच हाती लागला’ हे अर्धवट आहे. पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये जर्मन सहकाऱ्यासोबत बर्लिनहून मोटारीने कलकत्त्याकडे निघाला, तेव्हा गाडीत असे तीन कॅन होते. अमेरिकन लष्कराला त्यानेच ते दाखवले, आफ्रिकेतल्या लढाईच्या आधी.

भाच्याच्या कॅनवर ‘जी’ हे अक्षर आहे, म्हणजे तो पेट्रोलचा. तो जीपच्या मागे रिकामा लावायचा असेल तर खुशाल लावावा. पाण्यासाठी खाण्यापिण्याच्या दर्जाचा नवा कॅन मिळतो. आणि ज्यांनी पेटत्या बोळ्याचा सल्ला पुढे पाठवला, त्यांनी आजच त्याच ग्रुपवर लिहावं की तो चुकीचा आहे.