पावसात रंगाचं भांडं चढत नाही

श्रावण लागला की मेसेंजरवर तोच प्रश्न यायला लागतो. "ताई, मे महिन्यात टाकलेला तो तपकिरी कुर्ता गणपतीपर्यंत मिळेल का? थोडा गडद करून?" उत्तर दरवर्षी तेच असतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मिळणार नाही. जून ते सप्टेंबर माझ्याकडे कापड रंगत नाही. शिवण चालू असते, हातटाके चालू असतात, पण रंगाची चूल बंद. दसऱ्याच्या सुमारास ती परत पेटते.

कोणाला हा हट्ट वाटतो. कोणी काळजीने सांगतं, असा धंदा होत नसतो गं. वेंगुर्ल्यात राहून, हाताने, झाडापाल्याच्या रंगात कपडे करायचे तर मला दुसरी रीत पटत नाही. का पटत नाही ते सांगते.

कोरं कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची खळ काढावी लागते. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि उन्हात सपाट अंथरून वाळवायचं. दोरीवर टाकलं की पाणी खाली उतरतं आणि तळाशी गडद पट्टा येतो. हिरड्याच्या कापडाची जी बाजू उन्हाकडे असते ती रंग जास्त धरते, म्हणून कुठली बाजू वर ठेवायची हेही आधी ठरवायचं. त्यावर तुरटी, पुन्हा वाळवण, मग कापडाला थोडी विश्रांती आणि शेवटी रंग. दर पायरीनंतर कडकडीत ऊन पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. तेव्हा घरातल्या घरात वाळत घातलेलं साधं फडकंसुद्धा कुबट होतं. ओलं हिरड्याचं कापड तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं, आणि बुरशीचा ठिपका एकदा बसला की कापड संपलं.

सगळ्यात जास्त मागणी काळ्या रंगाला आहे, म्हणून तो कसा होतो ते सांगते. मडक्यात गंजके खिळे, मोडक्या विळ्याचं पातं, गूळ आणि पाणी घालून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत वर फेस येतो, आंबूस-लोखंडी वास सुटतो, पाण्याला तेलकट तवंग आल्यासारखा दिसतो. हिरड्याचं पिवळसर कापड त्या पाण्यात घातलं की आधी राखाडी होतं, मग मेलेल्या कोळशासारखं, आणि वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत आणखी काळवंडतं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा तयार होतो. जुनी शाईसुद्धा हिरडा आणि हिराकस यांचीच करत. पण लोखंड जास्त झालं की सुती धागा कुजतो. म्हणून पातळ मलमलीत मी मिट्ट काळा करत नाही, कितीही पैसे दिले तरी. दोन वर्षांत घडीवर फाटेल असं कापड मला कोणाच्या अंगावर घालायचं नाहीये.

आणि तो तपकिरी, ज्याची एवढी विचारणा होते, तो ऐनाच्या सालीचा. ऐन आमच्याकडे भरपूर आहे, पण उभ्या झाडाची साल सोलणं मला मान्य नाही. पौष-माघात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडतात तेव्हा फांद्या खाली येतात. पाला आणि बारीक डहाळ्या भाजावळीला जातात आणि जाड फांद्यांची साल मला मिळते. त्या वर्षी जितकी कवळ तुटली तितकाच माझा तपकिरी. ती साल संपली की पुढच्या माघापर्यंत नाही. हापूस ऑगस्टमध्ये नाही म्हटलं तर कोणी रागावत नाही. कुर्त्याच्या बाबतीतही लोकांनी तेवढंच समजून घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. दोन वर्षांच्या तपकिरीत फरक पडतो, तोही पडू द्यावा. विहिरीचं पाणी बदलतं. आमच्या जांभ्यातल्या पाण्यात लोखंड असतं, त्याने रंग थोडा मळतो. तो मळलेला रंग मला आवडतो, कारण तो इथल्याच पाण्यात होतो.

आता माणसांबद्दल. 'ऋतूनुसार जगणं' हे शब्द हल्ली रिसॉर्टच्या जाहिरातीतही दिसतात, आणि वाचताना वाटतं की ही कोणी सकाळी उठून ठरवण्याची गोष्ट आहे. माझ्याकडे टाके घालायला येणाऱ्या बायकांना ती ठरवावी लागत नाही. मृगाला पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, नवरात्राच्या आगेमागे कापणी, शिमग्यापासून काजू. मध्ये जो वेळ उरेल त्यात माझं शिवण. जुलैच्या सुरुवातीला मी एका काकींना नुसतं विचारलं, येणार का या आठवड्यात, तर त्यांनी दारातूनच सांगितलं, "बाये, आता माका जमाचा नाय. तरवो काडूचो आसा. तुजा कापाड खय पळान जाता?"

तरवा म्हणजे लावणीसाठी उपटायची भाताची रोपं. आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे. कापड कुठे पळून जातंय? म्हणून मी वर्षाचं काम त्यांच्या शेतीभोवती बसवलं. रंगवण्याचं मुख्य काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, सगळी कामं उरकतात तशी माझी कापडंही आगोटीआधी घडी घालून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत जातात. लावणी संपली की शिवण सुरू. बाहेर पाऊस, आत माजघरात चार-पाच जणी, दिवाळीचे कपडे तेव्हाच होतात. गणपतीत दोन आठवडे कोणी सुईला हात लावत नाही. घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आणि त्या दिवसांत कामाची अपेक्षा करणं मला शोभणार नाही. पैशाची सगळ्यात जास्त नड गणपतीआधीच असते, म्हणून श्रावणात उचल देते. मजुरी दिवसावर देते. नगावर दिली की टाका लांब पडायला लागतो, आणि त्यात दोष टाका घालणारीचा नसतो.

या हातकामाची किंमत महाग वाटते हे मला माहीत आहे. त्यावर वेगळं लिहीन.

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते सौंदर्याबद्दल. नैसर्गिक रंग म्हटलं की आजकाल एकच चित्र समोर येतं. फिकट, भुरकट, ओटमीलसारखं काहीतरी, आणि त्याला 'अर्थी', म्हणजे मातकट, म्हणायचं. कोणत्या मातीचा रंग आहे हा? आमची माती तांबडी आहे. जांभा नुकता चिऱ्यात कापला की मांसासारखा लाल दिसतो. तरव्याचा पोपटी इतका झगझगीत असतो की ढगाळ दिवशी शेताच्या कोपऱ्यात दिवा लावल्यासारखं वाटतं. पाऊस ओसरायला लागला की जे कातळसडे मे महिन्यात काळे ठिक्कर पडलेले असतात, तिथे सीतेची आसवं या रानफुलांची निळी-जांभळी चादर पसरते, शेजारी पांढरे गेंद. तिथे मातीचा थर नखाएवढा. त्यात पोषण नाही, म्हणून ती सीतेची आसवं बारीक किडे पकडून खातात. इतक्या ओढाताणीतून तो निळा आलेला असतो. आणि आमच्या बायका? देवीच्या ओटीचा हिरवा खण, लाल लुगडं, हळदीचा पिवळा. भडक म्हणून ज्याला नाक मुरडतात तो रंग या उजेडात, या हिरवाईत बरोबर दिसतो. राखाडी आभाळाखाली लावणी करणाऱ्या बायांची रांग पाहिली तर लाल लुगडं कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

म्हणून माझ्या कपड्यांत मंजिष्ठेचा लाल असतो, हिरड्यावर नीळ चढवून केलेला हिरवा असतो, आणि ओटीत आलेल्या खणांचे तुकडे असतात. खण इथे विणला जात नाही, तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. कापूसही कोकणात होत नाही, एवढ्या पावसात तो होणारच नाही. कापड बाहेरून येतं हे मी लपवत नाही. पण ते इथे येऊन कोणाच्या अंगावर, कुठल्या हवेत, कुठल्या कामात वापरलं जाणार आहे, हे तरी बघायला नको का?

कोकणातल्या जुन्या पेहरावाने ते बघितलं होतं. कुणबी बाईचं ढोपरावर खोचलेलं लुगडं चिखलात उतरण्यासाठी आहे. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली. त्या साडीची खांद्यावरची गाठ बघा. दोन्ही हात मोकळे, पदर सावरायची गरज नाही. २०२० मध्ये ते गेले. फॅशनच्या मोठ्या जगात वावरून आलेला माणूस आपल्या गावातल्या शेतकरणीच्या लुगड्यासमोर इतक्या आदराने बसला, याचं मला फार मोल वाटतं. माझ्या कामाला त्यातून धीर मिळाला.

मी त्याच नजरेने साध्या गोष्टी करते. सलवार पोटरीपर्यंत, म्हणजे पावसात काठ भिजून जड होत नाही. गळ्याला जाड पट्टी नाही, कारण ती दिवसभर ओली राहते आणि मानेला घासते. बटणं करवंटीची. खाऱ्या हवेत लोखंडी हूक गंजतो, आणि गंज हिरड्याच्या कापडाला लागला की तिथे काळा डाग पडतो, वर मडक्यात जे घडतं तेच इथे नको त्या जागी घडतं. स्प्रिंग-समर, ऑटम-विंटर हे कप्पे दुसऱ्या हवामानासाठी पाडलेले आहेत. माझ्या वहीत कपड्यांचे कप्पे असे आहेत: आगोट ते गणपती, गणपती ते दिवाळी, थंडीचे थोडे दिवस, आणि शिमग्यानंतरचा घाम.

'पण मग पावसात नवं सुचतं कसं?' असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. रोज काहीतरी पोस्ट करा, रोज नवं दाखवा, असा सल्ला सगळीकडून येतो. माझा अनुभव उलटा आहे. रंगाचं भांडं बंद असतं तेव्हाच मी नीट बघते. जुन्या वाकळी उलगडून बसते. झिजलेली लुगडी आत, बरी वर, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. त्या धावदोऱ्यात घालणारीचा हात दिसतो. कुठे टाके दाट, कुठे विरळ, कुठे दोरा संपला म्हणून रंग बदललेला. पेटीत तीनच रंगांची कापडं उरली की मन आपोआप टाक्याकडे वळतं. माझी आवडती सगळी कामं अशी अडलेल्या दिवसांतली आहेत.

आणि काही गोष्टी रंगाच्या भांड्यात घालायच्याच नसतात. सुरंगी घ्या. फाल्गुनात जुन्या फांद्यांनाच फुलं लगडतात, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. तिच्या वाळक्या कळ्या रेशीम रंगवायला वापरत असत. मला कोणी कोणी सुचवतं की हे करून बघ, नाव होईल. मी करणार नाही. पहाटे झाडावर चढून कळ्या काढणाऱ्यांचं वर्षाचं पोट त्या वळेसारांवर, म्हणजे गजऱ्यांवर, आहे, आणि सुरंगी केसांत शोभते. मी फक्त तो पांढरा-पिवळा घेतला, एका ओढणीसाठी.

जाता जाता एक स्पष्ट सांगायला हवं. कोकमाचा, बिटाचा, जास्वंदीचा 'नैसर्गिक रंग' म्हणून जे कपडे हल्ली विकले जातात ते घेऊ नका. पातेल्यात रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रंग बघून जीव हरखतो, पण तो कापडावर टिकत नाही. लिंबू किंवा साबण लागला की बदलतो, उन्हात उडतो. हळदही उडते. ऐन, हिरडा, कात, मंजिष्ठा, नीळ यांचं तसं नाही.

आता कॅलेंडरच सरकायला लागलंय, ही माझी खरी काळजी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. २०२५ मध्ये तर २५ मे रोजीच मोसमी पाऊस देवगडला पोचला होता, आणि त्याआधीही काही दिवस तो कोसळतच होता. माझ्या हंगामाचे शेवटचे आठवडे, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे, हातातून गेले. काजू-आंब्याच्या बागायतदारांचं जे नुकसान झालं त्यापुढे माझं काहीच नाही. पण ऋतूवर विसंबून जगायचं तर ऋतूबरोबर आपणही सरकायला हवं. हिरडा आणि तुरटीची कामं मी जानेवारीतच उरकायचं ठरवलंय आणि १५ मेनंतर एकही रंग हाती घेणार नाही. त्यामुळे कपडे कमी होतील. होऊ देत.

एक मागणं आहे, विशेषतः गाबीत आणि कोळी घरांतल्या वाचकांकडे. नायलॉन येण्याआधी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. किती साल, किती वेळ उकळायची, त्यात आणखी काय घालत, जाळं किती दिवसांनी पुन्हा बुडवत, हे तुमच्या आज्या-आजोबांना आठवत असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारा आणि मला जरूर लिहा. त्यांच्याच शब्दांत लिहिलंत तर आणखी चांगलं. फोनवर बोलायला तयार असतील तर मी फोन करीन, आणि जवळच्या गावात असतील तर स्वतः येईन.