दोन बेसवाले एका स्टेजवर कधीच नसतात

गेल्या रविवारी जळगावजवळच्या आसोद्याच्या शिवारात आम्ही सहा जण भरीत खायला जमलो होतो. सहाही बेस गिटार वाजवणारे. गायक नाही, ड्रमर नाही, लीड गिटारवाल्याला तर मुद्दाम कळवलंच नव्हतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलेल्या काकूंनी एकाची उघडी बॅग बघितली आणि विचारलं, "तुह्या गिटारीच्या दोन तारा कुठी गेल्या रे भो?"

साध्या गिटारला सहा तारा, आमच्या बेसला चारच, म्हणून हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. पण त्या दिवशी सहाही जण एकदम हसलो. एवढे दिवस हा प्रश्न प्रत्येकाने एकट्यानेच झेलला होता.

कारण साधं आहे. ऑर्केस्ट्रात गायक चार असतात, ढोलक-ढोलकी-पॅड मिळून रिदमवाले तीन असतात. बेसवाला एकच. म्हणजे धंद्यात आमची आपसात गाठच पडत नाही. तो वाजवत असतो तेव्हा मी घरी असतो. लग्नसराईत त्याची सुपारी म्हणजे माझी गेलेली तारीख. हिशेबाने आम्ही एकमेकांचं तोंड बघायला नको. त्यात आता निम्म्या ठिकाणी कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस उरकतो, आणि पार्टी विचारते, "हा जास्तीचा माणूस कशाला?" तरी आम्ही भेटलो की दिवस मावळला तरी उठत नाही. भुसावळवाला रेल्वेत आहे, नवापूरचा दर रविवारी चर्चमध्ये वाजवतो (भरतासाठी त्याने त्या दिवशी बदली माणूस दिला), चोपड्याच्याची केळी आहेत, धुळ्याची पोरगी कॉलेजात आहे आणि बेस वाजवणारी मोहिनी डे हे एकच दैवत मानते.

सगळे एकएकटे शिकलेले. त्यामुळे प्रत्येकाची भाषा वेगळी. चोपडेकर इतकी वर्षं जाड तारेला पहिली तार म्हणत होता. पहिली म्हणजे सगळ्यात बारीक, हे त्याला आसोद्याला कळलं, आणि ते त्याने अजून मान्य केलेलं नाही. अर्धा तास त्यावरच गेला.

मग तारा उकळण्याचा विषय निघाला. बाहेरच्यांना हे खोटं वाटेल, पण बेसच्या तारांचा सेट साध्या गिटारच्या मानाने फार महाग पडतो, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळतात. वेटोळ्यांत बसलेला घाम-मळ निघतो आणि थोडे दिवस तरी आवाज पुन्हा खणखणीत होतो. कुणी किती मिनिटं उकळतो, सोडा घालतो की नाही, पातेलं कुठलं, यावर लोक एवढे रंगात आले की पुरणपोळीची कृती चाललीय असं वाटावं. भुसावळवाला मात्र तारा उकळतही नाही आणि बदलतही नाही. त्याची ढाल ठरलेली: मोटाऊन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. धुळ्याची पोरगी शांतपणे म्हणाली, "दादा, त्याच्या फ्लॅटवाउंड होत्या, वरून सपाट गुळगुळीत. तुमच्या राउंडवाउंड आहेत, खरबरीत वेटोळ्यांच्या, आणि गंजल्यात."

बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत कुटणं चालू होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला कूलरवर. हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच असावा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, गिटारचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. कूलरच्या खोलीत ठेवावी तर दमटपणाने नेक, म्हणजे दांडा, हलते, मग एलन की घेऊन तिच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, पिळत बसा. कूलरसमोर की कपाटात? मी कपाटवाला. चोपडेकर म्हणतो, आत ओला रुमाल ठेव. निकाल लागला नाही, लागू पण नये.

आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. त्या गेल्या १९५१ मध्ये, आणि त्याच साली तिकडे कॅलिफोर्नियात गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस ही बेस गिटार बाजारात आणली. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी भुसावळवाल्याने हे सांगितल्यावर आम्ही सगळे उगाच गंभीर झालो.

आता मला जे म्हणायचंय ते. परवापासून दोघातिघांनी चालवलंय की याचं रीतसर मंडळ करू. अध्यक्ष, सचिव, दर महिन्याला शिबिर, मागे बॅनर. माझा याला साफ विरोध आहे. चार माणसं गोडीत बसलेली दिसली की आपल्याला लगेच पावतीपुस्तक आठवतं. शिबिरात माणूस येतं तेवढंच दाखवतो. पहिली तार कुठली हे आपल्याला माहीत नव्हतं, हे तो भरीत खाताना कळू देतो. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ यांचं नाव मी व्याख्यानात नाही, अशाच एका चहाच्या टपरीवर पहिल्यांदा ऐकलं.

आणि फोनवर भागेल म्हणाल, तर तेही नाही. आमच्या सगळ्यात जाड तारेचा सूर, खालची ई, ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून ती निघतच नाही. त्यातून तिच्याबरोबर वाजणारे वरचे सूर, ८२ आणि १२३ हर्ट्झचे, तेवढे येतात आणि खालचा सूर आपला मेंदू भरून घेतो. चोपडेकर मला क्लिप पाठवतो, मी "भारी!" म्हणतो, आणि ऐकलेलं काहीच नसतं. तोही मला तसंच म्हणतो, हे त्याने भाकरी मोडता मोडता कबूल केलं.

संध्याकाळी लाइट नव्हती. कळण्याच्या भाकरी संपल्या, काकूंनी जाळ विझवला, बॅगा पाठीला लावून आम्ही बांधावर उभे होतो. तेवढ्यात शेतीची लाइन आली आणि कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, घुमायला लागली. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसवरचा खालचा जी हा सूर ४९ चा. डीपी घुमते त्याच्या दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला जी.

नवापूरचा कान देऊन थांबला. "जाड तार, तिसरा फ्रेट," तो म्हणाला.

"पहिली तार," चोपडेकर म्हणाला.