पाय जमिनीवर यायला वेळ लागतो

आत्ताच पबमधून घरी आले आणि अंगातला कोटही न काढता लिहायला बसलेय. डोकं तापलंय, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आज आमचं सेशन होतं, म्हणजे पबमध्ये जमून जुन्या लोकचाली वाजवणं. फिडलवाले (व्हायोलिनवाले) चार-पाच, एक मेलोडियन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य), आणि कॉन्सर्टिनावर, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्यावर, आम्ही दोघं. मी आणि माझे 76 वर्षांचे मित्र. त्यांनी 'लॉडनम बंचेस' ही जुनी इंग्लिश चाल सुरू केली. एक आवर्तन कसंबसं झालं असेल, समोरच्या तरुण फिडलवाल्याने लय वाढवली. बाकीचे त्याच्यामागे पळाले. मीही पळाले, हे सांगायलाच हवं. दुसऱ्या आवर्तनात शेजारी बघते तर मित्रांनी हवेचं बटण दाबून, जराही आवाज न करता भाता मिटला होता. पट्ट्यांतून हात काढले, वाद्य मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. चाल संपल्यावर टाळ्या पडल्या. ते थांबलेत हे कुणाच्या गावीही नव्हतं.

अरे, ही नाचाची चाल आहे! माणसं नाचायची हिच्यावर! कुणाचं बोट किती पळतं हे दाखवायला केलेली नाही ती.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ते हीच चाल घेऊन. माझा हात पेटीवर तयार झालेला, वडील साताऱ्याकडे भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटीत पट्टी तीच तर सूर तोच. अँग्लो कॉन्सर्टिनाची 30 बटणं, आणि एकच बटण भाता दाबला की एक सूर देतं, ओढला की दुसरा. पंधरा दिवस घासून मी सगळे सूर बसवले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलले नाहीत. उठून स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं, भांडी पुसायचे दोन टॉवेल माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आधी नाच."

एक-दोन-तीन-उडी. एक-दोन-तीन-उडी. टॉवेल वर, टॉवेल खाली. ते वाजवत होते, पण नजर माझ्या पावलांवर. मी वर गेले की सूर थांबायचा, पाय फरशीला टेकला की पुढचा यायचा. माणूस उडाला की खाली यायला वेळ लागतो. तो वेळ वाजवणाऱ्याने द्यायचा असतो. भाता दाबता-ओढताना सुरांना आपोआप जो झटका बसतो ना, तो त्या पावलांसाठीच आहे, हे मला त्या फरशीवर कळलं.

तुमच्यातले जे वारीत चाललेत त्यांना वेगळं सांगायला नको. पावली खेळताना मृदंग पळाला तर टाळकऱ्याने पाय कुठे टाकायचा?

आणि ही चाल आली कुठून? इथूनच, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमधून. 26 डिसेंबर 1899. कडाक्याची थंडी, बांधकामं बंद, गवंड्यांच्या हाताला काम नाही. एरवी हे मॉरिस नाच, म्हणजे हातात रुमाल घेऊन नाचायचे इथले लोकनाच, उन्हाळ्याच्या तोंडावर व्हायचे, पण चार पैसे मिळावेत म्हणून मंडळी ऐन नाताळात नाचायला निघाली. कॉन्सर्टिनावर होता विल्यम किंबर, गवंडीच, वय 27. सासूबाईंकडे सुट्टीला आलेल्या सेसिल शार्पने, पुढे लोकगीतं आणि लोकनाच गोळा करणारा म्हणून नावाजलेल्या संगीतकाराने, ते पाहिलं, दुसऱ्या दिवशी किंबरला बोलावलं आणि चाली लिहून घेतल्या. सूर कागदावर आले. सुरांमधली जागा किंबरच्या हातात राहिली. म्हातारपणीची त्याची रेकॉर्डिंग आहेत, ती ऐका. डाव्या हाताचे स्वर कसे तुटक, आणि उंच उड्यांपाशी चाल कशी सैल सोडलीय. पायांकडे बघत वाजवणाऱ्याचा हात आहे तो.

फिडलवाल्याचा हात तयार आहे, मान्य. वेगामुळे नवी पोरं येतात, तेही मान्य. म्हणून 76 वर्षांच्या माणसाने स्वतः धरलेली चाल अर्ध्यात सोडायची?

इतकं लिहून झाल्यावर त्या पोराचा राग जरा उतरलाय. त्याच्यासाठी कुणी टेबल सरकवलं नसेल. खरा राग माझाच येतोय. मला माहीत होतं, टॉवेल माझ्याच हातात दिले होते, आणि तरी मी पळाले. मी थांबले असते तर निदान आम्ही दोघं थांबलेलो दिसलो असतो.

मगाशी त्यांना फोन केला. सेशनचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. उद्या सकाळी येते म्हटलं, दोघंच वाजवू. क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये. टेबल सरकवून ठेवतो."