कॅल्क्युलेटर कुणाच्या आकड्यांवर बेतला आहे?

प्रोस्टेट कॅन्सरचा धोका सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमधून वंशाचा रकाना काढून टाकावा, असे सुहासने रविवारी कट्ट्यावर ठामपणे मांडले आणि त्यावरून मोठा वाद झाला. निमित्त अनंताच्या रक्ततपासणीचे होते. त्याचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातले प्रमाण, ६.२ आला होता आणि अमेरिकेतल्या त्याच्या मुलाने तिथल्या एका प्रसिद्ध कॅल्क्युलेटरमध्ये वडिलांची माहिती भरताना वंशासाठी ‘इतर’ हा पर्याय निवडला होता, कारण भारतीय माणसासाठी त्यात वेगळी जागाच नव्हती.

मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याचे सूत्र अमेरिकेत २०२१ मध्ये वंशाचा गुणक वगळून नव्याने मांडले गेले, त्याचा आधार सुहासने घेतला. वंश ही माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली ओळख असते आणि तेवढ्यावर कुणाच्या शरीराचे गणित मांडणे चूक आहे, असे त्याचे म्हणणे होते.

शैलाताईंची सारी नोकरी पॅथॉलॉजी विभागात गेली आहे. त्यांना हे मुळीच पटले नाही. “सुहास, इंग्लंडमधले आकडे पाहा,” त्या म्हणाल्या. “आयुष्यात कधीतरी या कॅन्सरचे निदान होण्याची शक्यता तिथल्या गोऱ्या पुरुषांत ८ पैकी १, कृष्णवर्णीयांत ४ पैकी १ आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत १३ पैकी १ अशी आढळली आहे. रकाना पुसला, तर कृष्णवर्णीय माणसाचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल आणि ज्याची बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे तुकडे काढून केलेली तपासणी, लवकर व्हायला हवी त्याचीच लांबेल.” याच आकडेवारीत निदान झालेल्यांपैकी या आजाराने मृत्यू येणाऱ्यांचे प्रमाण मात्र तिन्ही गटांत साधारण एक तृतीयांशच आहे, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे फरक मुख्यतः निदानाच्या प्रमाणात आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

माझ्या मते वादाला खरी दिशा दिली ती मिलिंदने. तो संख्याशास्त्र शिकवत असे. अनंताच्या मुलाने वापरलेले अमेरिकी साधन २००६ मध्ये ५,५१९ पुरुषांच्या माहितीवरून तयार झाले आणि त्यांतील बहुतेक सर्व गोरे होते. शिवाय हे पुरुष एका औषधाच्या चाचणीत सामील झाले तेव्हा त्यांचा पीएसए ३ किंवा त्याहून कमी होता, आणि ७ वर्षांनी पीएसए कितीही असला तरी बायोप्सी करून घेण्याची सोय त्यांना दिलेली होती. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे असेच दुसरे साधन तपासणीसाठी बोलावलेल्या, वरवर निरोगी असलेल्या नागरिकांवरून बनले. मिलिंदने यातून दोन प्रश्न वेगळे काढले. दोन माणसांपैकी कुणाला धोका जास्त आहे हे साधन बरोबर ओळखते का, हा पहिला. आणि ते २० टक्के धोका सांगते तेव्हा तशा १०० जणांपैकी खरोखर २० जणांना कॅन्सर निघतो का, हा दुसरा. पासंग असलेल्या तराजूवर दोन पिशव्या एकामागून एक तोलल्या, तर त्यांतली जड कोणती हे तो बिनचूक दाखवतो, पण वजन मात्र चुकीचे सांगतो. परक्या समाजात नेलेल्या कॅल्क्युलेटरचेही बहुधा असेच होते. शांघायमध्ये ही दोन्ही पाश्चात्त्य साधने वापरून पाहिली तेव्हा त्यांनी चिनी पुरुषांचा धोका वाढवून सांगितला. पुढे हाँगकाँग आणि रॉटरडॅमच्या संशोधकांनी मिळून रॉटरडॅमचे सूत्र चिनी रुग्णांच्या माहितीवर नव्याने जुळवून घेतले आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

सुहासच्या आग्रहातले तथ्य मला इथे जाणवले, जरी त्याचा उपाय मला मान्य नाही. आपल्याकडे पीएसए तपासला जातो तो बहुतेक वेळा लघवीचा त्रास घेऊन रुग्णालयात आलेल्या माणसाचा, आणि ग्रंथीची साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांनीही तो आकडा चढतो. म्हणूनच पीएसए ४ ते १० या टप्प्यात असलेल्या भारतीय पुरुषांत बायोप्सीनंतर कॅन्सर निघण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असल्याचे येथील डॉक्टरांना वारंवार आढळले, तर तो सगळा फरक वंशाच्या खात्यावर टाकता येणार नाही. माणूस कोणत्या कारणाने तपासणीपर्यंत पोहोचला, त्याच्या ग्रंथीचे किती तुकडे घेतले गेले, आधी एमआरआय झाला होता का, हे सारे त्या फरकात मिसळलेले असते. ‘आशियाई’ असा एक रकाना वाढवून हा गुंता सुटत नाही. ज्या रुग्णालयात साधन वापरायचे, तिथल्याच रुग्णांवर ते पडताळून पाहावे लागते.

“मग आपल्याकडे ते झाले का नाही?” अनंताने विचारले. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे, याची आठवण मी करून दिली. त्यावर शैलाताईंनी सांगितले की या नोंदण्यांत कॅन्सर सापडलेल्यांचीच नावे असतात, पण कॅल्क्युलेटर जुळवण्यासाठी बायोप्सी झाली आणि काहीच निघाले नाही अशा पुरुषांचे वय, पीएसए आणि ग्रंथीचा आकारही तितक्याच काळजीने नोंदलेले असावे लागतात, आणि तो कागद बहुतेक ठिकाणी रुग्णाच्या फाइलबरोबर त्याच्या घरी जातो.