मुंबईचा फुकट्या

मी फुकट्या नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एका डच माणसाच्या काळ्या कव्हरच्या वहीत निळ्या शाईने लिहिलेलं आहे की इराणमधल्या इस्फहानमध्ये त्याला मुंबईचा एक गृहस्थ भेटला आणि त्याने टॅक्सीवाल्याचे पैसे बुडवले. एक तर मी बुडवले नाहीत. आणि मी मुंबईचा नाही, पुण्याचा आहे. यातलं नक्की कुठलं जास्त झोंबलं असं बायको विचारते, मी विषय बदलतो.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत इराणने भारतीयांना १५ दिवसांपुरता व्हिसा माफ केला. आपल्या पासपोर्टला कुणीतरी आपणहून 'या, बसा' म्हणतंय ही भावनाच इतकी नवीन होती की आम्ही लगेच तिकिटं काढली. (युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी मी एकदा बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे रिटर्न, रजेचं पत्र आणि लग्नाचा दाखला अशी जाडजूड फाइल दिली होती. व्हिसा आला नाही. फीसुद्धा परत आली नाही. ते जाऊ दे. म्हणजे जाऊ देत नाहीये मी, पुढे परत येणार आहे ते.)

इराणला जाताना रोख पैसे न्यावे लागतात, निर्बंधांमुळे आपली कार्डं तिथे चालत नाहीत. तेव्हा एक डॉलर दिला की पन्नास-साठ हजार तोमान हातात यायचे आणि माणूस दहा मिनिटं श्रीमंत व्हायचा. नोटेवर लिहिलेलं असतं रियाल, लोक बोलतात तोमान, म्हणजे एक शून्य मनातल्या मनात उडवायचं, आणि नव्या नोटांवर तर चार शून्यं सरकारनेच फिकट छापलीत, जणू लाज वाटते. त्यात फारसी पाचाचा आकडा उलट्या बदामासारखा, घाईत बघितला तर आपल्याला शून्यच वाटतो, आणि त्यांचं खरं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. पहिल्या दिवशी मी चहाचे पैसे देताना पाकिटातल्या सगळ्या नोटा पत्त्यांसारख्या पसरून वेटरसमोर धरल्या, त्याने त्यातली एक ओढली, मी म्हटलं उतारी तुझी.

आता मुख्य माणूस. आमच्या हॉटेलच्या अंगणात, कारंज्याशेजारच्या टेबलावर, साठीचा एक डच गृहस्थ बसलेला असायचा. सायकलवर निघालेला. जॉर्डन झालं, ओमान झालं, आता इराण. गुडघे तांब्याच्या भांड्यासारखे आणि डोक्याला जॉर्डनमध्ये घेतलेला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा अरबी रुमाल. इस्फहानमध्ये! इराणी माणसाला तुम्ही काहीही म्हणा, अरब म्हणू नका, हे मला विमानात शेजारच्या बाईंनी अर्ध्या तासात तीनदा सांगितलं होतं. हा बाबा सगळ्यांना 'शुक्रन' म्हणायचा. चहा आणणारा पोरगा प्रत्येक वेळी शांतपणे 'मर्सी' म्हणायचा, कारण तिथे लोक मर्सीच म्हणतात. सहा दिवस हे शुक्रन-मर्सी चाललं होतं. एकदा तो 'अरेबियन गल्फ' म्हणाला तेव्हा मात्र मालकांनी हातातला ट्रे खाली ठेवला, 'पर्शियन गल्फ' असं एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, ट्रे उचलला आणि गेले. याने वहीत लिहिलं, 'मालक थकलेले दिसतात.'

मला त्याची कटकट व्हायचं खरं कारण वेगळं आहे, प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्याच सकाळी एका फ्रेंच बाईंनी मला हाक मारून अजून ब्रेड मागितला. मी उभा होतो म्हणून असेल, किंवा मी इस्त्रीचा शर्ट घातला होता म्हणून असेल. मी आणून दिला पण. त्यांनी थँक यू म्हटलं, मी 'मर्सी' म्हटलं, वर तोच गोंधळ. आणि हे सगळं बघून तो डच मोठ्याने हसला आणि म्हणाला, माय फ्रेंड, बस, मी तुला हा प्रदेश समजावून सांगतो.

हा प्रदेश! ज्याला मी लहानपणापासून कॅम्पातल्या इराण्याच्या हॉटेलात बन मस्का खाताना बघत आलोय. ज्याची भाषा माझ्या तोंडात आहे, बाजार, दुकान, शहर, दरवाजा, जमीन, अर्ज, अब्रू, सगळं तिथूनच आलेलं. शिवाजी महाराजांना राज्यकारभारातले फारसी शब्द काढून तिथे संस्कृत घालायला कोश करून घ्यावा लागला, आणि तरी पेशवा शब्द राहिलाच, तो फारसीच. पण मी बसलो. समोर फुकट चहा होता.

त्याने समजावलं ते असं. इथे 'तारुफ' नावाचा प्रकार आहे. दुकानदार, टॅक्सीवाला, कुणीही, पैसे द्यायला गेलात की म्हणतो 'काबिल नदारे', म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, राहू द्या. ते खरं नसतं. तुम्ही नाही म्हणायचं, तो परत म्हणतो, तुम्ही परत नाही. 'पण,' असं म्हणून त्याने बोट वर केलं, 'तीनदा! तीन वेळा नाकारूनही चौथ्यांदा म्हणाला तर ते मनापासून. मग नाकारणं हा अपमान. मी हे बेदुइनांकडून शिकलो.' बायको मला मराठीत म्हणाली, बेदुइन तर अरबांकडचे ना? मी म्हटलं, गप्प बस, शिकू दे.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही जुल्फातून निघालो. जुल्फा म्हणजे इराणचा बादशहा शाह अब्बास याने चारशे वर्षांपूर्वी आर्मेनियन लोकांना आणून वसवलेला भाग, तिथलं वांक चर्च बाहेरून मशिदीसारखं आणि आत भिंतभर सोनं नि येशू, ते बघून पाय दुखायला लागले म्हणून टॅक्सी केली, पांढरी प्राइड गाडी. बिचारा ड्रायव्हर वाटेत सीओसेपोल पुलापाशी मुद्दाम थांबला, तेहतीस कमानी मोजा म्हणाला. मोजल्या. खाली नदी नव्हती, नुसतं वाळलेलं पात्र, मला एकदम मुठा आठवून घरच्यासारखं वाटलं. हॉटेलपाशी पोचलो. मी दीड लाख तोमान काढले, म्हणजे आपले दोनशे-सव्वादोनशे रुपये. त्याने छातीवर हात ठेवला. 'काबिल नदारे.'

मी छातीवर हात ठेवला. नाही नाही. तो, काबिल नदारे. मी, अहो नाही. आता आमचे दोघांचे हात छातीवर. तिसऱ्यांदा. मी डाव्या हाताची बोटं मोजत होतो. आणि चौथ्यांदाही तो म्हणाला! अर्थात म्हणणारच, मी नाही म्हणतोय म्हणून तो म्हणतोय आणि तो म्हणतोय म्हणून मी नाही म्हणतोय, हे गिरमिट कुठेतरी कुणीतरी थांबवायला नको? पण तेव्हा हे सुचलं नाही. बायको ओढणीची सेफ्टी पिन सावरत म्हणाली, अहो द्या पैसे त्याला. मी म्हटलं, चार झाले, आता अपमान होईल. नोटा खिशात ठेवल्या, दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि उतरलो.

तो गेला नाही. इंजिन चालू, काच अर्धी खाली, बघतोय. मी हात हलवला. त्यानेही हलवला. वर खोलीत जाऊन खिडकीतून बघितलं तर अजून तिथेच. मग हळूच गेला.

आता यात सगळ्यात वाईट काय, तर हे मला कळायला हवं होतं. आमचे दोन मामा एसटीत तिकिटावरून भांडायचे, थोरला कंडक्टरचा हात धरायचा, धाकटा दुसऱ्या बाजूने त्याच्या खिशात नोट कोंबायचा, एकदा तर कंडक्टरच वैतागून म्हणाला की दोघंही उतरा. पण म्हणून कुठलाही मामा कधी 'बरं, काढ तूच' असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसला नाही. बसला असता तर दुसऱ्या मामाने दिवाळीपर्यंत तोंड बघितलं नसतं.

मी काय केलं, तर खाली येऊन त्या डच माणसाला अभिमानाने सांगितलं. चार वेळा! तुझा नियम लागू पडला! तो ऐकून एकदम गंभीर झाला. 'म्हणजे तू पैसे दिलेच नाहीस?' असं म्हणून त्याने वहीचं रबर काढलं.

आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने ते वाचून दाखवलं. सगळ्यांना. डचमधून इंग्लिशमध्ये जागेवर भाषांतर करत. आधी जॉर्डन, तिथे म्हणे काळ उंटाच्या चालीने चालतो. मग ओमान, तिथे कप हलवून दाखवेपर्यंत कॉफी ओततच राहतात (हे खरं असावं). मग इराण, लोक इतके गोड की डोळ्यांत पाणी येतं. फ्रेंच बाईंच्या डोळ्यांत आलं. मग म्हणाला, 'मात्र सगळेच प्रवासी या औदार्याला पात्र नसतात. मुंबईचा एक गृहस्थ...' माझ्या तोंडात सांगकची रोटी होती, ती रोटी चिवट असते, लगेच गिळून बोलता येत नाही. 'नियम तूच सांगितलास' एवढं मी शेवटी म्हणालो. तो म्हणाला, 'मी निरीक्षण सांगितलं, सल्ला नाही.' मी म्हटलं, निदान पुणे लिही. 'पुणे मुंबईजवळ आहे का?' दीडशे किलोमीटर. 'मग मुंबईच.' अरे, तुझ्या देशात दीडशे किलोमीटर नीट सरळ गेलं तर समुद्र तरी लागतो नाहीतर जर्मनी! हे मला रात्री अकराला सुचलं, नेहमीप्रमाणे.

वह्या घेऊन येणारे काही आजचे नाहीत म्हणा. शाह अब्बासच्या काळात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन इस्फहानात येऊन राहिला, पुढे सुरत, गोवा करून गेला, मग शार्दँ नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आला, त्याने फारसी शिकून खंडच्या खंड लिहिले. ते निदान भाषा शिकले. पण बघा ना, सगळीकडे हे फिरणार आणि हे लिहिणार आणि आपण त्यांच्या वहीत. मी या डच माणसाच्या गावी जाऊन याच्या शेजाऱ्याचं निरीक्षण करायचं म्हटलं तर आधी लग्नाचा दाखला द्या. हा नोकरी सोडून दीड वर्ष स्वतःला शोधत फिरतोय, मी दीड वर्ष स्वतःला शोधलं तर सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार?

असो. रिसेप्शनवरच्या मुलाला गाठलं. तो आधी 'नो प्रॉब्लेम' म्हणाला, मग कानापर्यंत लाल झाला, मग त्याला राहवेना. म्हणाला, 'सर, माझा वाणी मला रोज काबिल नदारे म्हणतो. सात वर्षं. मी रोज पैसे देतो.' मग त्याने फोन केले, ड्रायव्हर सापडला, आला. मी दीड लाख त्याच्या हातात दिले. त्याने छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, नाही, आता नाही, कृपा करून! आणि मामांसारखी नोट थेट त्याच्या वरच्या खिशात कोंबली. तो हसला, गाडीत गेला, आणि गझचा डबा घेऊन आला, ती पिस्ते घातलेली पांढरी मिठाई, किलोभर. मी किंमत विचारली. पोरगा आडवा पडून हसत होता. डब्याची किंमत भाड्यापेक्षा जास्त असणार हे मला आता गणित न करता कळतं.

पण डच माणूस हे बघायला नव्हता. तो पहाटेच यज्दला निघून गेला होता, वहीसकट.

आम्ही दोन दिवसांनी बसने यज्दला. (मधल्या दिवसात मी बिर्यानी समजून इस्फहानची बेरयान मागवली, भात नाहीच, रोटीवर खिमा, वर दालचिनी, आणि त्यात फुप्फुस असतं हे खाऊन झाल्यावर कळलं. बायको शाकाहारी, ती वांग्याच्या कश्क-ए-बादेमजानवर खूश, भरीतच आहे म्हणे, फक्त यांना हिरवी मिरची कळत नाही.) यज्दच्या अग्यारीत गेलो. काचेपलीकडे तो अग्नी, इसवी सन ४७० पासून तेवतोय म्हणतात, लोक हळू आवाजात बोलतात. आणि तिथे लाल-पांढरा रुमाल. सव्वातीनशे किलोमीटर वाळवंट दोन दिवसांत सायकलवर? 'बसने आलो,' तो म्हणाला, 'सायकल डिकीत.' हे वहीत आहे का, ते विचारायचं राहिलं, कारण तो शेजारच्या दोन इटालियन बायकांना सांगत होता, हाच तो, मुंबईचा!

आणि मला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा, तिथल्या तिथे. मी म्हटलं, ही इमारत कधीची आहे माहितीये? १९३४. पैसे कुणी दिले? भारतातल्या पारशांनी. आर्किटेक्ट कुठले? मुंबईचे. लिही आता वहीत. आमची मुंबई पैसे बुडवत नाही, पैसे देते!

इटालियन बायका प्रभावित झालेल्या दिसल्या. त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं.

'पण तू तर पुण्याचा ना?' म्हणाला.

म्हणजे लक्षात होतं त्याच्या.